डेनिस डार्ट : एवढी का चालली? नशीब की डिझाइन?

वेम्बलीकर

नमस्कार मंडळी. लंडनच्या बसवर कुणी लिहायला बसलं की रूटमास्टरपासून, म्हणजे त्या जुन्या लाल डबलडेकरपासून, सुरू करतं आणि तिथेच संपवतं. मला आज दुसऱ्याच गाडीबद्दल लिहायचंय. नव्वदीत आणि त्यानंतरची पंधराएक वर्षं ब्रिटनमधल्या कुठल्याही गावात जा, लोकांना दवाखान्यात, शाळेत, बाजारात नेणारी एकच बस दिसायची, डेनिस डार्ट. तिची पोस्टकार्डं नाहीत, टी-शर्ट नाहीत. पण एकूण दहा हजारांच्या वर गाड्या निघाल्या आणि त्या हाँगकाँगपर्यंत गेल्या.

थोडक्यात पार्श्वभूमी. डेनिस ही सरे परगण्यातल्या गिल्डफर्डची कंपनी, १८९५ साली दोन भावांनी काढलेली. बसपेक्षा जास्त नाव आगीच्या बंबांसाठी आणि कचरागाड्यांसाठी. १९८९ मधे त्यांनी डार्टची चासी, म्हणजे बॉडी सोडून इंजिन-चाकांसकट खालचा सांगाडा, रस्त्यावर आणली. इंजिन मागे, कमिन्सचं सहा सिलिंडरचं ५.९ लिटर, गिअरबॉक्स अ‍ॅलिसनचा चार गिअरचा ऑटोमॅटिक. रुंदी फक्त २.३ मीटर आणि लांबी सुरुवातीला ८.५ मीटर, नंतर ९ आणि ९.८ पण आल्या. म्हणजे मोठ्या बसपेक्षा आखूड आणि अरुंद, पण बाकी सगळं मोठ्या बससारखं.

माझं मत स्पष्ट आहे. ही गाडी डिझाइनमुळे चालली. तिच्या आधीच्या छोट्या बस म्हणजे फोर्ड ट्रान्झिट किंवा शेर्पा असल्या डिलिव्हरी व्हॅनना खिडक्या आणि सीटा लावलेल्या. डेनिसने उलट दिशेने विचार केला, खरी बस घेतली आणि ती लहान केली. तुम्हाला काय वाटतं? ज्यांनी यातून प्रवास केलाय, ज्यांनी चालवलीय, त्यांनी जरूर लिहा.

पेठेतला

जबरी विषय. वाचतोय. फोटो टाका की राव.

जुनाजाणता

धागा आवडला पण डिझाइनला सगळं श्रेय देणं पटत नाही. वेळ बघा ना. १९८५ चा ट्रान्सपोर्ट अ‍ॅक्ट आला, २६ ऑक्टोबर १९८६ पासून लंडनबाहेरची बससेवा खुली झाली, कुणीही यावं आणि रूट चालवावा. त्याच्या जरा आधीपासून एक्सेटरमधे मिनीबसचा प्रयोग सुरू झाला होता, मोठ्या बसच्या जागी छोट्या छोट्या पण दर थोड्या मिनिटांनी. तो चालला म्हटल्यावर देशभर सगळ्यांनी तेच केलं. मग दोनतीन वर्षांत लक्षात आलं की व्हॅनवर बांधलेली गाडी दिवसभर शहरात थांबत थांबत चालवली की खिळखिळी होते आणि गर्दीच्या वेळी लोक स्टॉपवर राहतात. आता या लोकांना मिनीबसपेक्षा मोठी आणि फुल साइझपेक्षा स्वस्त अशी गाडी हवी होती. आखूडशिंगी, बहुदुधी. डार्ट नेमकी तेव्हा बाजारात आली. दोन वर्षं आधी आली असती तर कुणी विचारलंही नसतं.

आणि स्पर्धाही बघा. लेलँड बस ही कंपनी १९८८ मधे व्होल्वोने घेतली, ते आपल्याच गडबडीत. व्होल्वोची बी६ आली तोवर १९९१ उजाडलं. एमसीडब्ल्यू कंपनीची मेट्रोरायडर ही छोटी बस चांगली होती पण ती कंपनीच १९८९ मधे बसधंद्यातून बाहेर पडली आणि ते डिझाइन ऑप्टेअर या दुसऱ्या बस कंपनीकडे गेलं. मैदान रिकामं होतं हो.

वेम्बलीकर

@जुनाजाणता मैदान रिकामं होतं हे मान्य, पण त्या रिकाम्या मैदानात डेनिस स्वतःच आधी एकदा तोंडावर आपटली होती ते विसरलात. डॉमिनो! १९८५ ची. तीही मागच्या इंजिनाची मिडीबसच, म्हणजे मिनीबस आणि मोठी बस यांच्या मधल्या आकाराची. वीस मँचेस्टरला गेल्या, चौदा साउथ यॉर्कशायरला, एकूण ३४, खलास. कंपनी तीच, आकार साधारण तोच, गरजही तीच. फरक एवढाच की डॉमिनो म्हणजे त्यांच्या डॉमिनेटर या डबलडेकरची चासी कापून लहान केलेली होती, किचकट आणि महाग. डार्ट बनवताना त्यांनी कोरी पाटी घेतली आणि बाजारात आधीच खपणारे, सगळ्यांना माहिती असलेले भाग निवडले. याला मी डिझाइन म्हणतो.

इंजिनवाला_कोथरूड

इथे मला बोललंच पाहिजे :)

कमिन्सचं जे इंजिन धागाकर्त्याने लिहिलंय ते ६बीटी, बी सिरीजमधलं. हे मुळात बससाठी बनवलेलं नाहीच. ट्रक, शेतीची यंत्रं, जनरेटर, बांधकामाची मशिनं सगळीकडे लागतं. अमेरिकेत १९८९ पासून डॉजच्या पिकअपमधे हेच आलं. आपल्याकडे १९९३ मधे टाटा आणि कमिन्सने जमशेदपूरला कंपनी काढली ती याच बी सिरीजसाठी आणि नंतर फलटणलाही त्यांचा कारखाना झाला. म्हणजे हायवेवर ज्या टाटाच्या ट्रकच्या मागे तुम्ही धूर खात उभे असायचात त्याचं आणि लंडनच्या त्या लाल बसचं इंजिन एकाच घराण्यातलं.

याचा बसवाल्यांना फायदा काय, तर सुटे भाग कुठेही मिळतात आणि कुठल्याही गॅरेजमधल्या माणसाला हे इंजिन खोलता येतं. लायनर नसलेला ब्लॉक, म्हणजे सिलिंडर थेट ब्लॉकमधेच बोअर केलेले, त्यामुळे वजन आणि किंमत दोन्ही कमी. टायमिंगला पट्टा किंवा चेन नाही, सरळ गिअर. आतली रचना साधी आहे आणि ते खूप सहन करतं. छोट्या बस कंपनीला, जिच्याकडे वीस गाड्या आणि दोन मेकॅनिक, तिला आणखी काय पाहिजे.

गिअरबॉक्सबद्दल मात्र तक्रार आहे. अ‍ॅलिसन एटी५४५, याच्या टॉर्क कन्व्हर्टरला (तेलातून ताकद पुढे देणारा भाग) लॉकअप, म्हणजे दोन्ही बाजू थेट जोडायची सोय, नाही. म्हणजे इंजिन आणि चाकं यांच्यामधे कायम तेल घुसळत राहतं, सरळ रस्त्यावर वेग धरल्यावरसुद्धा. डिझेल जास्त जातं आणि तेल तापतं. पण दणकट आणि स्वस्त. शहरात जिथे दर दोनशे मीटरला थांबायचंय तिथे लॉकअपचा तसाही फार उपयोग नाही, त्यामुळे निवड बरोबरच होती असं माझं मत.

शुभ्रा_प

मला इंजिनातलं काही कळत नाही पण ही बस मला चांगलीच आठवते आणि प्रेमाने नाही :( मी नव्वदीच्या मध्यात लग्न होऊन हॅरोला आले, मुलगी झाली, बाबागाडी घेऊन या बसमधे चढायचं म्हणजे दिव्य. दारात पायऱ्या, त्यातून दार अरुंद, बाबागाडी मिटायची, एका हातात मूल, खांद्याला पिशवी, मागे रांग. एक पंजाबी आजी रोज त्याच वेळी असायच्या, त्या माझी पिशवी धरायच्या. म्हाताऱ्या लोकांचे हाल तर बघवत नसत. तुम्ही सगळे डिझाइन डिझाइन करताय पण बसमधे चढता येणं हे डिझाइन नाही का?

मीनल_लेस्टर

@शुभ्रा_प ताई अगदी अगदी. +१००

वेम्बलीकर

@शुभ्रा_प ताई, तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, आणि डार्टच्या गोष्टीचा अर्धा भाग तोच आहे. पहिल्या डार्टचा सांगाडा साध्या पाट्यांच्या स्प्रिंगवर, त्यामुळे फ्लोअर उंच आणि चढायला पायऱ्या. मग १९९६ पासून डार्ट एसएलएफ आली, म्हणजे सुपर लो फ्लोअर. पाट्या जाऊन एअर सस्पेन्शन आलं, रुंदी २.४ मीटर झाली, पुढच्या दारातून आत एकही पायरी नाही, गाडी दाराच्या बाजूला खाली झुकते आणि व्हीलचेअरसाठी रॅम्प. इंजिन मागेच असल्यामुळे मागच्या भागात सीटांकडे जायला पायऱ्या राहिल्या, पण पुढचा भाग सपाट. त्यानंतर बाबागाडी मिटायची गरज उरली नाही.

कायदाही त्याच सुमारास आला, १९९५ चा अपंगांशी भेदभाव रोखणारा कायदा, मग २००० चे बससाठीचे नियम, आणि १ जानेवारी २०१६ ही सिंगल डेकरसाठी शेवटची तारीख. लंडनने तर २००५ अखेरपर्यंतच सगळ्या नेहमीच्या बस लो फ्लोअर केल्या. पायऱ्यांच्या डार्ट त्यामुळेच लवकर गेल्या, नाहीतर इंजिनं अजून चालली असती.

शुभ्रा_प

हो नवीन आल्या तेव्हा मुलगी शाळेत जायला लागली होती. पण सासूबाई भारतातून आल्या तेव्हा त्या एकट्या बसने मंदिरात जायला लागल्या. आधी कध्धी जायच्या नाहीत. तेवढ्यासाठी माफ केलं तुमच्या डार्टला :)

घाटरस्ता

एक शंका. वर म्हटलंय की डेनिसने फक्त चासी बनवली. मग बॉडी कोणाची? मला इंटरनेटवर दिसतात त्या सगळ्या डार्ट वेगवेगळ्याच दिसतात. एकीची काच पुढे फुगलेली, एक अगदी चौकोनी खोक्यासारखी.

जुनाजाणता

@घाटरस्ता हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत, कारण माझ्या मते डार्टच्या यशाचं कारण इथे दडलंय आणि ते धागाकर्त्याने निसटतं सोडलंय.

सुरुवातीची बॉडी ड्यूपलची, ब्लॅकपूलची कंपनी, तिचं नाव डार्टलाइन. ती फुगलेली काच तिचीच. डार्ट आखली जात होती तेव्हा ड्यूपल आणि डेनिस दोन्ही हेस्टेअर या एकाच समूहाकडे होत्या. पण डार्ट बाजारात येतेय न येतेय तोच १९८९ मधे ड्यूपल बंद पडली! डार्टलाइनचं डिझाइन बर्मिंगहॅमच्या कार्लाइलने विकत घेतलं. काही वर्षांत कार्लाइलपण संपली, मग तेच डिझाइन केंब्रिजच्या मार्शलकडे. एका बॉडीने तीन घरं बदलली आणि चासी मात्र गिल्डफर्डहून निघतच राहिली.

दुसरी बॉडी पॉइंटर. ही रीव्ह बर्जेसने डर्बीशायरमधल्या पिल्सलीत काढली, ती प्लॅक्स्टनची उपकंपनी. १९९१ मधे तो कारखाना बंद करून काम स्कारबरोला नेलं आणि पुढे ती प्लॅक्स्टन पॉइंटर म्हणूनच प्रसिद्ध झाली. डार्ट म्हटलं की आज लोकांच्या डोळ्यासमोर येते ती बहुतेक हीच. शिवाय फॉलकर्कच्या अलेक्झांडरची डॅश, ती स्टेजकोच या मोठ्या बस कंपनीने भरपूर घेतली. बॅलिमेनाच्या राइटची हँडीबस, तुम्ही म्हणताय ती चौकोनी. विगनची नॉर्दर्न काउंटीज, ब्लॅकबर्नची ईस्ट लँक्स, नंतर पोर्तुगालची कैतानो. लंडन बसेसकडे तर एकाच वेळी डीटी, डीआर, डीडब्ल्यू असे बॉडीप्रमाणे वेगवेगळे वर्ग होते.

मेट्रोरायडरला वेगळी चासी नव्हती, पूर्ण गाडी एकाच कारखान्यातून. तो कारखाना बंद म्हणजे दुसरं कुणी अख्खं डिझाइन उचलेपर्यंत गाडी बंद. डार्टचं तसं नाही, एक बॉडीवाला बुडाला तर दुसरा तयार.

वेम्बलीकर

@जुनाजाणता हे तर माझ्याच बाजूने बोललात की! वेगळी चासी ठेवायची हा डिझाइनचाच निर्णय.

जुनाजाणता

हा निर्णय डेनिसने मुद्दाम घेतला नव्हता हो, ते चासीवालेच होते, दुसरं करणार काय. ड्यूपल चालू राहिली असती तर मालकांनी इतरांना एवढ्या मोकळेपणी चासी दिल्या असत्या असं मला वाटत नाही. एका कंपनीच्या मरणातून दुसरीचा फायदा झाला. मी तरी याला नशीबच म्हणेन.

पेठेतला

नशीब पार्टी १, डिझाइन पार्टी १. चहा घ्या आता दोघं.

स्टिअरिंग_सोडू_नका

मंडळी, मी चालवलीय. मूळचा कराडचा, मिडलँड्समधे बसवर होतो बरीच वर्षं, आता रिटायर. कंपनीचं नाव घेत नाही.

पायऱ्यांची जुनी डार्ट आणि एसएलएफ दोन्ही चालवल्या. जुनीचं स्टिअरिंग हलकं, वळायला अशी झकास की पार्क केलेल्या गाड्यांच्या दोन रांगांमधून सहज निघायची. २.३ मीटर रुंदी कागदावर फार वाटत नाही पण आरसा आणि समोरच्या गाडीचा आरसा यांच्यात वीतभर जागा राहते ना, तेव्हा कळतं. मोठी बस जिथे नेताच यायची नाही अशा वसाहतींमधे आम्ही फिरायचो. काही ठिकाणी ठराविक स्टॉपसुद्धा नसायचे, माणूस हात करेल तिथे थांबायचं.

त्रास पण सांगतो. उभी असताना इंजिन मंद चालू ठेवलं की सगळी गाडी थरथरायची, खिडक्या खडखड वाजायच्या, तिकीट मशीन नाचायचं. चढावर माणसं भरली की इंजिन ओरडायचं नुसतं, वेग यायचा नाही, मागे गाड्यांची रांग. आमच्या कंपनीत दुरुस्तीकडे फार दुर्लक्ष होतं, हीटर थंडीत बंद आणि उन्हाळ्यात चालू अशीही एक गाडी होती, पण तो गाडीचा दोष नाही, ठेवणाऱ्यांचा. ब्रेक मात्र पूर्ण हवेचे, मोठ्या बससारखे. मिनीबसवरून डार्टवर आलो तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आता खरी बस चालवतोय. वेम्बलीकर म्हणतात ते या बाबतीत बरोबर आहे.

घाटरस्ता

हात दाखवा गाडी थांबवा! आपल्या एसटीची योजना इंग्लंडात पण!

स्टिअरिंग_सोडू_नका

@घाटरस्ता अगदी तेच. मी तिथल्या पोरांना एसटीचं सांगायचो, त्यांना खोटं वाटायचं.

शुभ्रा_प

आमच्या हॅरोच्या एच नंबरच्या काही बस अजून तशाच थांबतात, काही गल्ल्यांमधे.

नाखवा

हाँगकाँगचा उल्लेख आला म्हणून लिहितो. मी जहाजावर होतो, नंतर काही काळ तिथे राहिलो. तिथे सिटीबस, केएमबी, चायना मोटर बस सगळ्यांकडे डार्ट होत्या, पण एसी लावलेल्या. त्या उन्हात, दमटपणात आणि चढउतारात एसीचा भार घेऊन चालायच्या. डबलडेकर सगळीकडे आहेतच पण डोंगरावरच्या वळणांच्या रस्त्यांवर जिथे उंच गाडी जात नाही तिथे हिचा उपयोग. अमेरिकेत पण थॉमस कंपनीबरोबर मिळून एसएलएफ विकायचा प्रयत्न झाला होता ना?

वेम्बलीकर

@नाखवा हो, थॉमस डेनिस एसएलएफ २०० नावाने. शाळेच्या पिवळ्या बस बनवणारे ते थॉमस.

रेषांच्या_पलीकडे

सगळ्यांचं वाचलं. माझं थोडं वेगळं म्हणणं आहे आणि ते कौतुकाच्या भरात राहून जाऊ नये. डार्ट ज्या गाड्यांच्या जागी आली त्यातल्या कितीतरी लेलँड नॅशनल या मोठ्या सिंगल डेकर होत्या, ११.३ मीटरच्या. त्यांच्या जागी ९ मीटरची, तीस-पस्तीस सीटची गाडी. काही ठिकाणी बस जास्त वेळा यायला लागली हे खरं. पण जिथे फेऱ्या वाढवल्या नाहीत आणि फक्त गाडी लहान केली तिथे लोक उभ्याने गेले. खुल्या स्पर्धेत पैसे वाचवायचा सोपा मार्ग म्हणजे लहान गाडी, हलकी गाडी, कमी डिझेल. डार्ट ही त्या धोरणाची लाडकी गाडी होती. चांगल्या मशीनने वाईट धोरण जरा सुसह्य केलं एवढंच.

पुढे कंपन्यांना स्वतःलाच हे कळलं असावं. एसएलएफ लांब लांब होत गेली, शेवटी सुपर पॉइंटर डार्ट तर ११.३ मीटर, म्हणजे नॅशनलएवढीच! आणि दुसऱ्या टोकाला ८.८ मीटरची मिनी पॉइंटर. मिडीबस म्हणायचं आणि फुल साइझ विकायची.

इंजिनवाला_कोथरूड

@रेषांच्या_पलीकडे लांब गाडीच्या बाबतीत मी पण हेच म्हणेन. एक हलकी चासी ८.८ पासून ११.३ पर्यंत ताणली की पार्ट तेच, प्रशिक्षण तेच, म्हणून कंपन्यांना आवडते. पण ५.९ लिटरच्या त्या इंजिनावर साठ-सत्तर माणसं घेऊन चढ चढायचा म्हणजे स्टिअरिंगकाकांनी सांगितलं तसं होणार. धोरणाबद्दल मात्र एकच सांगतो, त्या काळात डार्ट नसती तर त्या रूटवर नॅशनल राहिली नसती, व्हॅनच आली असती.

जुनाजाणता

पुढचं कंपनीचं पण सांगून टाकतो कारण ते पण रंजक आहे. १९९८ मधे मेफ्लॉवरने डेनिस घेतली, त्यांच्याकडे अलेक्झांडर आधीच होती. २००१ मधे डेनिस, अलेक्झांडर, प्लॅक्स्टन सगळे एकत्र करून ट्रान्सबस इंटरनॅशनल. गाडीवर नाव बदललं, ट्रान्सबस डार्ट. २००४ च्या वसंतात मेफ्लॉवर कोसळली, ट्रान्सबसही तिच्याबरोबर. त्याच वर्षी काही स्कॉटिश गुंतवणूकदारांनी उचलली आणि अलेक्झांडर डेनिस झाली. एवढ्या उलथापालथीत ऑर्डर चालू राहिल्या, कारण गिऱ्हाईकांना डार्टच पाहिजे होती. नंतर तिची जागा अलेक्झांडर डेनिसच्याच एन्व्हायरो२०० या नव्या गाडीने घेतली. २०१६ मधे लंडनच्या ५०७ आणि ५२१ रूटवर ५१ इलेक्ट्रिक बस आल्या, बॅटरी आणि चासी चीनच्या बीवायडीची, बॉडी याच एन्व्हायरो२०० ची.

पेठेतला

बरं आता माझा खरा प्रश्न. पुण्यात मिडीबस आहेत, मुंबईत बेस्टने २०१९ मधे पाच रुपये तिकीट केलं तेव्हापासून छोट्या एसी गाड्या भाड्याने घेतल्यात. पण डार्टसारखं वाटत नाही त्यात बसल्यावर. का?

इंजिनवाला_कोथरूड

@पेठेतला कारण आपल्या बहुतेक मिडीबस पुढच्या इंजिनाच्या, ट्रकच्या चासीवरून आलेल्या. इंजिन पुढे म्हणजे ड्रायव्हरशेजारी आवाज आणि उष्णता, आणि फ्लोअर खाली आणता येत नाही, म्हणून पायऱ्या. शुभ्राताई बाबागाडीचं १९९५ मधलं सांगतायत ते अप्पा बळवंत चौकात आजही तसंच आहे. मागे इंजिन असलेली, खास बससाठी बनवलेली छोटी चासी महाग पडते आणि निविदा सगळ्यात स्वस्त गाडीला मिळते.

नाखवा

पण आता इलेक्ट्रिकमधे मोटर मागे जाते, फ्लोअर सपाट होतो. ऑप्टेअर वर आली ना, मेट्रोरायडरवाली? तिने १९९७ मधे सोलो काढली, डार्टची मोठी प्रतिस्पर्धी. पुढची चाकं दाराच्याही पुढे, म्हणजे दारातून सरळ सपाट आत. ती ऑप्टेअर आपल्या अशोक लेलँडने घेतली, २०१२ पासून ७५ टक्के, पुढे तिचंच नाव स्विच झालं. मुंबईत २०२३ पासून धावतायत त्या इलेक्ट्रिक डबलडेकर स्विचच्याच.

शुभ्रा_प

मग त्यांनाच सांगा की सोलोसारखी छोटी गाडी पुण्यात आणा. सपाट दाराची.

स्टिअरिंग_सोडू_नका

सोलो पण चालवली मी. चाकाच्या मागे दार, त्यामुळे फूटपाथला लावताना सवय लागते, पहिले काही दिवस दार फार पुढे-मागे व्हायचं. पण म्हातारी माणसं तिच्यात स्वतःहून चढायची, कुणाचा हात न धरता. पुण्यात येत असेल तर ड्रायव्हरना आधी नीट शिकवा एवढंच.

वेम्बलीकर

@स्टिअरिंग_सोडू_नका काका, सोलोवर वेगळा धागा काढाच तुम्ही, चालवणाऱ्याच्या नजरेतून कुणी लिहीत नाही. आणि @जुनाजाणता, ड्यूपल बंद पडणं हे नशीब मी मान्य करतो, पण पुढचा बॉडीवाला दारात उभा होता तो चासी चांगली होती म्हणूनच. यावर मी हटणार नाही.

जुनाजाणता

हटू नका. मी पण नाही हटत. राइटच्या हँडीबसचे माझ्याकडे जुने फोटो आहेत, स्कॅन करून रविवारी इथेच टाकतो.